दीडशे सवती आणि धरणावरची

वहिनी,

तुझ्याबद्दल काहीतरी लिहा म्हणून तुझी सून माझ्या मागे लागली आहे. "आत्या, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच लिहा." मी म्हटलं, लिहीन, पण खरं लिहीन. ती म्हणाली, "खरंच लिहा की." तिला बिचारीला काय कल्पना? तिने पाहिली ती तू शेवटच्या वर्षांतली, खिडकीशी बसून सगळ्यांना "असू दे, असू दे" म्हणणारी. तू उभं आयुष्य किती जळत काढलंस ते मी गाळलं तर मागे उरणारी बाई तू नव्हेसच. भांडायला यायचं असेल तर ये. संध्याकाळी मला वेळ असतो.

आणि एक. इथून पुढे मी तुला 'ती' म्हणणार आणि स्वतःला नणंद. तुझ्याशी समोरासमोर बोलायला लागलं की आपलं वाजतं आणि मुद्दा राहतो बाजूला. आजवर हेच झालं आहे.

तर ती.

वहिनी जळकी होती. झाकण्यात अर्थ नाही, तीही कधी झाकत नसे. शेजारणीच्या घराला एक खिडकी जास्त निघाली, तर ही महिनाभर त्या बाजूला मान वळवत नव्हती. नणंद रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली, तेव्हा "आता वन्संना आमटीतलं मीठसुद्धा नळीत घालून तपासावं लागेल" असं चारचौघांत बोलून मोकळी झाली. पण हा सगळा किरकोळ सराव. खरी, मनापासूनची जळजळ तिने नवऱ्यासाठी राखून ठेवली होती. नवरा म्हणजे नणंदेचा थोरला भाऊ, दादा. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होता.

आणि दादाच्या बाबतीत तिला सवती किती, तर दीडशे.

त्या गावात कारखाना आला तो विजेपायी. नदी तिथे उंचावरून खाली उतरते. सरकारने धरण बांधलं, पायथ्याशी वीजघर उभं केलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की एवढी वीज घेणार कोण? गावात रस्त्याच्या या टोकाला एक दिवा आणि त्या टोकाला एक. शहरं लांब, तिथवर तारा ओढायचा खर्च झेपेना. अशा वेळी कंपनी चालत आली. ॲल्युमिनियम मिळवायचं तर पांढऱ्या भुकटीतून ते विजेनेच सोडवावं लागतं, आणि एका किलोमागे पंधरा-सोळा युनिट वीज जाते. त्या काळी एवढ्यात एखादं घर आठवडाभर चालायचं. भुकटी जहाजाने यायची, कोळशाचे ठोकळे आणखी कुठून यायचे, तयार धातू पुन्हा जहाजाने बाहेर. आपल्या म्हणाव्यात अशा त्यात दोनच गोष्टी, वीज आणि माणसं, आणि दोन्ही स्वस्त होत्या. करार झाला तीस वर्षांचा: धरणाची वीज आधी कारखान्याला, उरेल ती गावाला. पाणी कमी झालं की गावातले दिवे कावीळ झाल्यासारखे पिवळे पडत आणि कारखान्यावर मात्र लखलखाट. माणसं सकाळी कारखान्याला शिव्या घालत आणि दुपारी पोराला तिथे चिकटवायला ओळखी शोधत फिरत.

दादा पहिल्याच भरतीत लागला, पॉटलाईनवर. पॉट म्हणजे पोलादाचा भलामोठा हौद, आतून कोळशाचं अस्तर, त्यात हजार अंशांच्या आसपास तापलेला रस, वरून त्यात बुडवलेले कोळशाचे ठोकळे. असे दीडशे पॉट ओळीने, आणि एकाच दोऱ्यात मणी ओवावेत तसा सगळ्यांतून एकच वीजप्रवाह. वीज गेली की रस निवायला लागतो. चार तास धकतं, फार तर पाच. त्यानंतर हौदात असेल त्याचा दगड होतो आणि तो फोडून काढण्यात महिने जातात. म्हणून पॉटलाईनला सुट्टी ठाऊक नाही. कुणाचं दुखणं नाही, कुणाचं लग्न नाही.

"एक सवत असती तर झिंज्या उपटून मोकळी झाले असते," वहिनी म्हणायची. "दीडशे आहेत. आणि एकजात गरम डोक्याच्या."

हे ती हसत म्हणायची ते पहिल्या बाळंतपणापर्यंत. तिला कळा सुरू झाल्या त्या दुपारी वादळ आलं, धरणाकडून येणाऱ्या तारांचा एक मनोरा आडवा झाला, आणि सगळी पॉटलाईन गार पडायला लागली. दादा तिकडेच. दवाखान्यात वहिनीपाशी नणंद. पोरगा झाला, पुसला, गुंडाळला, तरी बापाचा पत्ता नाही. संध्याकाळी तो आला, तोंडावर काजळी, शर्टाच्या बाहीला जळल्याची भोकं. खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "एकही पॉट गेला नाही."

वहिनीने पोराच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं. "हा एक इकडे आहे. हा बघायचाय का?"

दादा बिचारा विरघळला, पोराला घेतलं, रडलासुद्धा. पण रडता रडता एक वाक्य बोलून गेला. "धरणावर नवीन मुलगी आलीय. वीजघर तिने सांभाळलं. जुन्या तारांवरून थोडी थोडी वीज फिरवून दिली, नाहीतर आज संपलं होतं."

नणंदेने ते ऐकलं आणि सोडून दिलं. वहिनीने सोडलं नाही. बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने दीडशेच्या पुढे एक आकडा मोजला.

पुढे दादा लाईनचा सुपरवायझर झाला आणि घरी कंपनीचा फोन आला, काळा, जडशीळ, जेवणाच्या टेबलाशेजारच्या कोनाड्यात. नियम असा होता की लाईनला विचारल्याशिवाय धरणाने वीज कमी करायची नाही, आणि रोज संध्याकाळी सहाला धरणाने उद्याचं पाणी किती, वीज किती देता येईल, ते लाईनला सांगायचं. फोनवर कुणी नाव घेत नसे. तिकडचं माणूस म्हणायचं, "धरण बोलतंय." इकडून उत्तर, "लाईन बोलतेय." धरणावर तीन-चार माणसं पाळीपाळीने असत, पण संध्याकाळची पाळी हटकून तिचीच.

सहा वाजले की वहिनी काहीतरी निवडायला घेऊन कोनाड्याजवळ बसायची.

"हं, बोला," दादा म्हणायचा. मग थोडा वेळ ऐकायचा. मग, "अहो, एवढं उतरलं तर मी इकडे काय पेटवू? ... हो ... हो, तेही खरंच ... अहो, सव्वीस नंबर परत रुसलाय. काल दिवा लागला तो विझेचना. ... नाही हो, बांबू घालून झालं. ..." आणि हसायचा. दिवा म्हणजे पॉटावरचा. रसातली भुकटी कमी पडली की पॉट बिथरतो, त्याच्या डोक्यावरचा दिवा पेटतो, मग ओला बांबू आत खुपसून त्याला ताळ्यावर आणायचं. हे सगळं वहिनीला पाठ झालं होतं. पण तिला दादाने ते कधी सांगितलं नव्हतं. तिला ते धरणाला सांगताना ऐकू आलं होतं.

फोन ठेवला की दादा पुन्हा गप्प. "जेवायला काय आहे?" "झोपला का तो?" "दार लावलं का?" संपलं.

"काय म्हणत होती?" वहिनी विचारायची.

"पाणी कमी आहे."

"एवढा वेळ?"

"पाणी बरंच कमी आहे."

नणंद एकदा समजवायला गेली. "वहिनी, कामाचं बोलतात ती माणसं. आजपर्यंत एकमेकांचं तोंडही नीट पाहिलं नसेल त्यांनी."

"वन्सं, तोंड मीच रोज दाखवते त्यांना. बघतात का?" वहिनी म्हणाली. "आणि 'अहो' म्हणतात तिला. तुम्ही ऐकलंत? मला जन्मात 'अगं'शिवाय हाक नाही. तिला 'अहो, तुम्ही'."

"परक्या बाईला काय 'अगं' म्हणेल?"

"म्हणाले असते तर बरं झालं असतं. मग मला कळलं असतं काय ते. हे 'तुम्ही' कुठल्या खणात ठेवायचं, ते सांगा."

शेजारीण खोडसाळ. "लाईन म्हणते वाटतं ती तुमच्या यांना?" ती कुंपणावरून विचारायची. "छान आहे हो. माझ्या नवऱ्याला तर कुणी खांबसुद्धा म्हणत नाही." वहिनी त्यावर महिनाभर तिच्याशी बोलली नाही. खिडकीचा आणि हा, असे दोन महिने शेजारणीच्या खात्यावर आहेत.

पंचवीसेक वर्षं अशी गेली. पोरगा मोठा होऊन शिकायला बाहेर पडला. वहिनीचे केस पिकले, दादाचे गळले. धरणावरचा आवाज मात्र होता तसाच. आवाजाला कुठे सुरकुत्या पडतात?

आता घड्याळाचं सांगते, कारण सगळं त्यावरून उलगडलं.

पॉटलाईनमधून एवढा प्रचंड प्रवाह वाहतो की तिथे उभं राहणं म्हणजे लोहचुंबकाच्या पोटात उभं राहणं. टाचण्या तळहातावर उभ्या राहतात, खिशातल्या किल्ल्या एका अंगाला ओढ घेतात, आणि चावीचं घड्याळ आधी वेडीवाकडी वेळ दाखवतं, मग कायमचं बसतं. म्हणून लाईनवरचा माणूस घड्याळ घरी ठेवून जातो. गावात कामाच्या दिवशी मनगटावर घड्याळ दिसलं की समजायचं, हा ऑफिसातला किंवा रजेवरचा. दादाचं घड्याळ आरशाखालच्या फळीवर असायचं. तो गेला की वहिनी त्याला चावी द्यायची, तिसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. नवरा तिकडे असला तरी त्याची वेळ आपल्या हातात, असं काहीतरी तिचं असावं.

एका सकाळी ती चावी द्यायला गेली, तर फळी रिकामी.

दुसऱ्या कुठल्याही गावातल्या बाईने घड्याळ हरवलं म्हणून घर उपसलं असतं. वहिनीने कुठेही शोधलं नाही. तिने सरळ ताडलं: घड्याळ घालून गेला, म्हणजे लाईनवर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही फळी रिकामी. तिसऱ्या दिवशी ती आपणहून शेजारणीशी बोलायला गेली, यावरून काय ते समजा. शेजारणीचा नवरा लाईनवरच होता. त्याने सांगितलं, "साहेब तीन दिवस दिसले नाहीत. सकाळच्या जीपने धरणावर जातात म्हणे."

नणंद गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. मधल्या सुट्टीत वहिनी तिथे हजर, बाहेर जायची साडी, ओठ आवळलेले.

"वन्सं, रजा टाका."

"कशाला?"

"धरण बघायला."

"इतकी वर्षं बघितलं नाहीस, ते आज?"

"इतकी वर्षं ऐकलं. आता बघते."

धरणावर जाणारी बस दोन तास वळणं घेत चढते. वाटेत वहिनी एकच वाक्य बोलली. "रडले तर मला तिथल्या तिथे थोबाडीत द्या." नणंदेने कबूल केलं. अशा कामाला ती नाही म्हणत नसे.

वीजघराच्या वरच्या मजल्यावर कंट्रोल रूम. एका भिंतीवर काटेच काटे, दुसऱ्या बाजूला काच आणि काचेखाली पाणी. दार उघडंच होतं. आत एका टेबलावर दादा आणि एक बाई समोरासमोर वाकलेली, आणि टेबलभर काड्यापेटीच्या काड्या, ओळीने मांडलेल्या. बाईने एक काडी उचलली. "हा सव्वीस आधी घ्या. तसाही तुम्हाला छळतो." दादा म्हणाला, "अहो नको, तो शेवटपर्यंत राहू द्या, त्याची जिरवायचीय मला." आणि दोघंही हसली. लहान मुलं खेळताना हसतात तशी.

ती बाई वहिनीच्याच वयाची. उंच, केस आखूड कापलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सुंदर म्हणावी अशी नाही, नाही म्हणावी अशीही नाही. वहिनीने पंचवीस वर्षं मनात रंगवलेलं चित्र पार चुकलं, पण त्याने तिचं समाधान काही झालं नाही. कारण तेवढ्यात दादा उठला, मागे न बघता हात लांब करून कपाटातून साखरेचा डबा काढला, बाईच्या चहात दीड चमचा घातला आणि डबा पुन्हा जागच्या जागी ठेवला.

घरी या माणसाला पाण्याचा तांब्या सापडत नसे.

"मला पण दीड," वहिनी दारातून म्हणाली.

दादाचा चेहरा पांढरा झाला. बाई मात्र शांतपणे उठली. "या," ती म्हणाली. आवाज तोच. "तुम्ही लाईनच्या घरच्या. बसा."

"बसायला नाही आले. घड्याळ बघायला आले." वहिनीने दादाच्या मनगटाकडे बोट दाखवलं. "किती वाजले हो?"

"तू समजतेस तसं नाही, अगं ..."

"मी काहीच समजत नाही. मला कुणी काही सांगतच नाही, तर समजेल कुठून? काड्या कसल्या खेळताय?"

दादाने बाईकडे पाहिलं. हे पाहणंही वहिनीने टिपलं. मग तो म्हणाला, "लाईन बंद होतेय."

तीस वर्षं भरत आली होती. शहरांपर्यंत आता तारा गेल्या होत्या, सरकारला विजेचे चौपट पैसे मिळत होते, आणि तो भाव कंपनीला नको होता. पॉटलाईन काही बटण दाबून दिव्यासारखी विझवता येत नाही. आधी एकेका पॉटातला धातू उपसायचा, मग तो ओळीतून तोडायचा, आणि तसतशी धरणाने वीज उतरवायची. कुठला पॉट आधी, कुठला नंतर, हे ठरवायला दादाला धरणावर पाठवलं होतं. कामगारांत बोभाटा नको म्हणून गुपचूप. त्या काड्या म्हणजे पॉट.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. नोकरी जाणार, कंपनीचं घर जाणार, हेही तिला कळलं. आणि तिने विचारलं ते हे: "हिला कधी सांगितलंत?"

"हिला म्हणजे ... तिला धरणाकडूनच कळलं. गेल्या महिन्यात."

"महिनाभर तुम्ही दोघं जाणता. आणि मी तुम्हाला डबा भरून देतेय."

"मी म्हणत होते यांना, घरी सांगा," बाई मध्ये बोलली. चांगल्या मनानेच बोलली.

"म्हणजे तुम्ही सांगा म्हणालात की हे मला सांगणार," वहिनी म्हणाली. "बरं झालं कळलं. चला वन्सं."

थोबाडीत द्यायची वेळ आली नाही. ती रडली नाही. बस मिळेपर्यंत दोघी धरणाच्या भिंतीवर उभ्या होत्या. खाली पाणी अडलेलं, हिरवं. "त्यांचं काही नाही," वहिनी म्हणाली. "मला वाटलं होतं, असेल. असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, दोघांना चव्हाट्यावर आणलं असतं. पण काहीच नाही. नुसती बोलतात हो ती दोघं. आता याला मी काय करू?"

पॉटलाईन त्या हिवाळ्यात बंद झाली. शेवटच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडलं. वहिनी गेली, चांगली साडी नेसून. "सवतींना पोचवायला जाते," म्हणाली. शेवटचा पॉट तुटला, धरणाने वीज काढली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमधली घरघर थांबली. वहिनीने खांद्यावरच्या पदराला लावलेली पिन काढून तळहातावर ठेवली. पिन आडवीच पडून राहिली. इतर बायका डोळे पुसत होत्या. हिच्या चेहऱ्यावर मात्र, नणंदेने नीट पाहिलं, शुद्ध समाधान होतं.

गावाला वाटलं, आता सगळी वीज आपल्याला. वीज तारेवरून गावाच्या डोक्यावरून थेट शहराला गेली. दिवे पिवळे ते पिवळेच.

दादा-वहिनी गावात दोन खोल्यांत राहायला आली. आणि वहिनीला जे हवं होतं ते सगळं मिळालं. नवरा चोवीस तास घरात. पॉट नाहीत, जीप नाही, धरण नाही. घरी साधा फोन होता, तो मुलाचा यायचा रविवारी. पहिले आठ दिवस वहिनी गाणी गुणगुणत होती. नणंदेला म्हणाली, "आता ऐकते काय बोलतात ते."

दादा काही बोललाच नाही. सकाळी उठायचा, खुर्चीत बसायचा, संध्याकाळी सहाच्या सुमाराला जरा चुळबुळ करायचा, मग पुन्हा बसायचा. घड्याळ आता कायम मनगटावर, पण चावी द्यायची शुद्ध नाही. वहिनीने त्याच्या आवडीचं केलं. "हं." मुलाची खुशाली सांगितली. "हं." शेवटी तिने न करायचं तेही केलं. सवतींची चौकशी केली.

"तो सव्वीस नंबरचा फार छळायचा ना हो?"

"हो."

"म्हणजे काय करायचा नक्की?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. "आता बंद आहे तो," म्हणाला.

महिन्या-दोन महिन्यांत तो वाळला. डॉक्टरला काही सापडेना. वहिनीला सापडलं होतं, पण ते तोंडातून काढणं म्हणजे तिला स्वतःचा दात स्वतः उपटण्यासारखं होतं. एका दुपारी दादा दाढी करायला गेला असताना तिने डिरेक्टरीत नंबर शोधला आणि फोन फिरवला. नणंद शेजारीच बसली होती.

"धरण बोलतंय."

"लाईनच्या घरून बोलतेय," वहिनी म्हणाली. "तुम्ही फोन का करत नाही?"

"आता कशासाठी करू? लाईन बंद आहे."

"लाईन बंद आहे. पाणी आहे ना अजून?"

"आहे की."

"मग ते सांगायचं. सहाला. आणि मी सांगितलं असं म्हणायचं नाही." फोन ठेवता ठेवता तिला काय आठवलं कुणास ठाऊक. "आणि जेवायच्या वेळेपर्यंत लांबवायचं नाही."

त्या संध्याकाळी सहाला फोन वाजला. दादाने उचलला, "हं ..." आणि खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला. "बोला, बोला. किती? एवढं? अहो, या दिवसांत एवढं पाणी म्हणजे तुमची मजा आहे." आणि हसला. कित्येक महिन्यांनी हसला. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. इतक्या जोरात घासत होती की आवाज तिकडे धरणापर्यंत गेला असेल. नणंद म्हणाली, "अगं, तूच बोलावलंस ना?"

"मीच बोलावलं," वहिनी म्हणाली. "म्हणून काय गोड लागणार आहे?"

चार वर्षं रोज सहाला फोन. चार वर्षं भांडी. दादाला शेवटपर्यंत कळलं नाही की हे कुणाचं काम. सहाचा फोन झाला की त्याला भूक लागे, जेवताना चार शब्द बोलेही. "धरण म्हणत होतं," अशी सुरुवात करून. वहिनी ते चार शब्द घासाबरोबर गिळायची. तिला दुसरे मिळत नव्हते.

मग तो गेला. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेला. मुलगा आला, सगळं रीतसर झालं, तेवढे दिवस फोन बाजूला काढून ठेवला होता, मुलगा परत गेला. आणि फोन परत जागेवर ठेवला त्याच दिवशी, नणंद घरात असताना, सहाला फोन वाजला.

वहिनीने उचलला. "नाहीत," म्हणाली. "बाहेर गेलेत." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी, "झोपलेत." तिसऱ्या दिवशी पुन्हा "बाहेर गेलेत."

"वहिनी, हे काय चाललंय? सांगून टाक ना."

"नाही सांगणार. सांगितलं की ती रडेल. तिने का रडायचं? इतकी वर्षं त्यांचं बोलणं तिने घेतलं. हे तरी माझं एकटीचं राहू द्या."

"गावभर झालंय. कुणीतरी सांगेलच."

"सांगू देत. माझ्या तोंडून नाही." मग ती फोनच्या वायरीशी खेळत बसली. "वन्सं, तुम्ही जा. बसने जा आणि समोर उभं राहून सांगा. फोनवर नको. आणि ऐकल्यावर ती काय करते ते बघा. खाली बसते का उभीच राहते, तेवढं फक्त मला येऊन सांगा. बाकी काही नको."

"मी काय हेर आहे?"

"तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग बघा नीट आणि सांगा."

गुरुवारी जायचं ठरलं. त्या गुरुवारी शाळेत तपासणी निघाली. पुढच्या आठवड्यात घाटात दरड कोसळली आणि बस महिनाभर बंद. तोवर सहाचा फोन येईनासा झाला होता. कुणी सांगितलं, का तिने स्वतःच ओळखलं, ते कळायला मार्ग नव्हता. वहिनी त्यानंतर सहा वर्षं होती. मधूनच, भाजी निवडताना किंवा पोळी उलटताना, विचारायची, "गेला नाहीत ना तुम्ही अजून?"

"नाही. जाईन."

"घाई नाही," ती म्हणायची. "पण जाल तेव्हा नीट बघा."

बस कधीच सुरू झाली. रोज दोन जातात. बसली का उभी राहिली, ते बघायचं राहिलं आहे.